मक्याच्या शेतातली युद्धनौका

ओबेड थर्लोला चव्वेचाळीस तोफांचं जहाज हवं होतं. मिळाली एका तोफेची होडी.

तीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर जन्मला, कॉड मासळीच्या बोटींवर वाढला, बारा बंदरांचं पाणी प्यायला आणि पंचेचाळिशी उलटल्यावर आरमारात शिरला. शिरला तो नेमका चुकीच्या वेळी. त्याच सुमाराला राजधानीतल्या शहाण्यांना साक्षात्कार झाला होता, की मोठी जहाजं म्हणजे राजेरजवाड्यांची चैन. आपलं लोकराज्य, आपल्याला साध्या, लहान, स्वस्त होड्या शोभतात. पन्नास फुटांची होडी आणि तिच्या नाकाडावर एक थोरली तोफ. अशा दोन-अडीचशे होड्या किनाऱ्यावर पसरून ठेवल्या की इंग्रजाची इकडे फिरकायची छाती होणार नाही. शांतता असेल तेव्हा होड्या छपराखाली ठेवायच्या, लढाई आली की शेतकऱ्याने नांगर सोडून सुकाणू धरायचं. शेतकऱ्याला सुकाणू धरता येतं का, हे कुणी विचारलं नाही. शेतकऱ्यालाही नाही.

ओबेडच्या नावेला नावसुद्धा नव्हतं. नुसता नंबर होता, दोनशे एकोणीस.

तिची पहिली परीक्षा झाली तेव्हा काठावर बँड होता, झेंडे होते, सफरचंदाच्या मद्याची पिंपं होती. तोफ नाकासमोर डागली तेव्हा होडी हातभर मागे सरकली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कुणीतरी म्हणालं, आता बाजूला डागून दाखवा. ओबेडचा गोलंदाज पेलेग स्वेन याने तोफ वळवली आणि बत्ती दिली. हा पेलेग म्हातारा, वाळक्या काटकीसारखा. डाव्या हाताची दोन बोटं त्याने तरुणपणी तोफेला वाहिली होती, उरलेली आठ रमच्या पेल्याला. धूर निवळला तेव्हा होडी कुशीवर निजलेली, आणि आचारी, त्याची कढई अन् एक निमंत्रित न्यायाधीश पाण्यात.

ओबेडने रीतसर राजधानीला लिहिलं. खात्याचं उत्तर आलं : ‘तोफ फक्त नाकासमोर डागावी. शत्रू बाजूला असल्यास होडी वळवून घ्यावी.’

“आणि तेवढ्यात शत्रूही वळला तर?” पेलेगने विचारलं.

“गप्प बस.”

“नाही, मी म्हणतो, त्यालाही एक पत्र टाकून ठेवू या. ‘कृपया वळू नये.’”

वाऱ्यापाण्यात होडी बाहेर काढली तर निराळंच संकट. तीन टनांची तोफ नाकाडावर, त्यामुळे प्रत्येक लाटेला होडी डोकं खाली घालून बुडी मारायची. पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर : ‘समुद्र खवळलेला असताना तोफ उतरवून तळाशी ठेवावी.’ म्हणजे तोफ वर असली की होडी बुडणार, आणि होडी तरली की तोफ तळघरात. ओबेडने विचारलं, तोफ खाली असताना शत्रू आला तर? खात्याने कळवलं की उथळ पाण्यात शत्रू शांत हवेतच येतो, असं समितीचं मत आहे.

समितीत समुद्र पाहिलेला एकही माणूस नव्हता. पण ओबेड शिस्तीचा. हुकूम तो हुकूम. त्याने निळा कोट घट्ट केला, पितळी बटणं घासली आणि होडी डेलावेअरच्या उपसागरात नेमल्या जागी नेली.

हे अठराशे आठ सालचं. त्या साली सरकारने परदेशाशी व्यापारच बंद करून टाकला होता, आणि चोरून माल नेणाऱ्यांना अडवणं हे तोफनावांचं काम होतं. उन्हाळाभर ओबेडने एकाही चोराला अडवलं नाही, कारण चोरांच्या बोटी वाऱ्यावर धावायच्या आणि दोनशे एकोणीस वाऱ्यावर कण्हायची. सप्टेंबरात वादळ आलं. हुकुमाप्रमाणे तोफ तळाशी उतरवली. पहाटे नांगराचा दोर तुटला. पौर्णिमेची भरती आणि आग्नेयेचा वारा यांनी मिळून होडी उचलली, दलदलीच्या खाजणावरून नेली, समुद्राला अडवणाऱ्या मातीच्या बांधावरून अलगद पलीकडे टाकली आणि पाणी ओसरलं.

उजाडलं तेव्हा चहूकडे मका होता. उंच, पिवळा, कापणीला आलेला.

अकरा माणसं होती, अकराही धड. होडीचं एक फळकूटही निखळलं नव्हतं. तोफेची दारू भिजली होती आणि माणसांची वाहून गेली होती. पेलेगला दुसरीचंच दुःख जास्त.

मक्याची ताटं बाजूला सारत एक बाई आली. चाळिशीची, करड्या कपड्यातली, डोक्याला साधी पांढरी टोपी, हातात कणसांची टोपली. तिने होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“तुझी होडी माझ्या मक्यात आहे,” ती म्हणाली.

ओबेडने टोपी काढली. “बाई, ही संयुक्त संस्थानांच्या आरमाराची युद्धनौका आहे. आणि मी कप्तान ओबेड थर्लो.”

“असेल. पण माझ्या मक्यात आहे, ओबेड थर्लो. तू जेवलास का?”

ओबेडचे कान तापले. तीस वर्षांत आई सोडून कुठल्या बाईने त्याला ‘तू’ म्हटलं नव्हतं, आणि खलाशांसमोर तर मुळीच नाही. ती तशी म्हणणारच होती, कारण ती क्वेकर पंथाची होती. टेसी हॅलोवेल. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, शेत एकटीने करायची. आमच्या खाजणकाठची ही मंडळी कुणापुढे टोपी काढत नाहीत, कुणाला साहेब-सरदार म्हणत नाहीत, शस्त्राला हात लावत नाहीत. देवाला आपण ‘तू’ म्हणतो, मग माणसाला ‘तुम्ही’ कशाला, असा त्यांचा सरळ हिशेब. राष्ट्राध्यक्ष आला असता तर त्यालाही तिने विचारलं असतं, तू जेवलास का.

अकरा जण तिच्या कोठारात बसून मक्याची लापशी आणि खारवलेलं डुकराचं मांस जेवले. ओबेड उभ्यानेच जेवला. बसलं तर पाहुणा ठरलो असतो, असं त्याला वाटलं.

त्याने खात्याला कळवलं : होडी शाबूत, माणसं शाबूत, होडी समुद्रापासून तीनशे पावलांवर एका शेतात, पुढे काय करावं? तीन आठवड्यांनी उत्तराऐवजी एक छापील तक्ता आला. ‘नौकेच्या ठाण्याशी पाण्याची खोली किती?’ ओबेडने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘पाणी नाही.’ तक्ता परत आला : रकान्यात आकडा हवा. त्याने शून्य लिहिलं. पुन्हा परत : शून्य हा खोलीचा आकडा नाही, नांगर टाकून पुन्हा मोजावी.

ओबेड डोकं धरून बसला. पेलेगने तक्ता त्याच्या हातातून घेतला.

“काल पाऊस झाला ना?”

“झाला.”

“होडीखाली डबकं आहे. चार बोटं. माझ्या डाव्या हाताची म्हणाल तर दोन बोटं कमी, पण मी उजव्याने मोजलं.” आणि त्याने रकान्यात ‘तीन इंच’ असं ठसठशीत लिहिलं.

हा तक्ता मंजूर झाला. सोबत ताकीद होती, की इतक्या उथळ पाण्यात नौका नेताना कप्तानाने अधिक काळजी घ्यावी.

दरम्यान खलाशी एकेक करून पांगले. कालवं काढणाऱ्या बोटींवर माणसं हवीच होती. ऑक्टोबर उजाडेपर्यंत होडीवर ओबेड, पेलेग आणि दोन थकलेले खलाशी एवढेच राहिले. बांधापलीकडे खाडीतून चोरट्या बोटींची शिडं दिमाखात सरकत जायची. कधीकधी त्यांवरची माणसं टोप्या उंचावून ‘कप्तान, पीक कसं आहे यंदा?’ असं ओरडायची.

“बरं आहे!” पेलेग ओरडून सांगायचा. “कणसात दाणे भरलेत!”

ओबेडला हे लागायचं. तो रोज सकाळी कोट चढवून होडीच्या फळीवर फेऱ्या घालायचा, दुर्बीण लावून मका न्याहाळायचा, वहीत वाऱ्याची दिशा लिहायचा. ऑक्टोबरच्या चौथ्या दिवशी टेसी होडीखाली येऊन उभी राहिली. तिच्या हातात दोन कोयते होते.

“तुझ्या होडीभोवतीचा मका कापायचा आहे. हात रिकामे आहेत का?”

“मी ड्यूटीवर आहे, बाई.”

“कसली?”

“पहारा,” ओबेड म्हणाला.

“मग कापता कापता पहारा कर. मका उभा असला तर तुला तसंही काही दिसत नाही.”

त्याने मान फिरवली. ती गेली. दोन दिवस तिला लांबवर एकटीने कापताना त्याने दुर्बिणीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने कोट काढला, घडी घालून तोफेवर ठेवला आणि तो खाली उतरला. तोफ आता वरच होती. कोरड्या जमिनीवर तिला तळाशी ठेवायचं कारण उरलं नव्हतं.

कापणीला तीन आठवडे लागले. ओबेडच्या तळव्यांना दोरांचे घट्टे होते. कोयत्याचे निराळ्या जागी पडले. दुपारी टेसी मक्याची भाकरी आणि काकवी आणायची. ती फार बोलत नसे. क्वेकर माणसांना गप्प बसण्याची सवय असते; त्यांची प्रार्थनासुद्धा गप्पच. ओबेडला सुरुवातीला ही शांतता अंगावर यायची. मग तो तिच्यात बसायला लागला, जसं वारा पडल्यावर माणूस डेकवर बसतो.

एका दुपारी ती म्हणाली, “आमच्या सभेतली वडीलधारी माणसं मला दोन वेळा विचारून गेली. शस्त्र आपल्या शेतात का ठेवलंस म्हणून. मी म्हटलं, मी ठेवलं नाही, वाऱ्याने ठेवलं. पण ओबेड, एक गोष्ट मला हवी आहे.”

“सांगा.”

“ती तोफ माझ्या जमिनीवर उडायची नाही.”

ओबेड हसला. “बाई, हिची दारू चिखल झाली आहे, आणि इथे शत्रू कोण? कावळे. माझा शब्द घ्या.”

“आम्ही शपथ घेत नाही. ‘हो’ म्हणजे हो.”

“हो,” ओबेड म्हणाला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निरीक्षक आला. नाव लँग्डन ट्विचेल. अंगात मखमली जाकीट, घोडागाडीत नकाशांची पेटी, मागून एका खटाऱ्यावर कोरड्या दारूची पिंपं. खात्यासाठी त्याने तोफनावांवर दोन पुस्तिका लिहिल्या होत्या. होडीत मात्र तो कधी बसला नव्हता, कारण त्याला मळमळायचं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. त्याने दोनशे एकोणीसला तीन प्रदक्षिणा घातल्या, काठीने बूड ठोकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“कप्तान थर्लो! तुम्ही काय केलंय, ठाऊक आहे का तुम्हाला?”

“मी काही केलं नाही साहेब. वादळाने—”

“विनय पुरे! या होड्यांचे दोष काय? बुडतात, कलंडतात, खलाशी पळून जातात.”

“ते इथूनही गेले,” पेलेग म्हणाला.

ट्विचेलचं लक्ष नव्हतं. “आणि तिन्ही दोषांचं मूळ एकच. पाणी! तुम्ही पाणीच काढून टाकलंत. होडी आता बुडू शकत नाही, कलंडू शकत नाही. ही आरमारातली पहिली स्थिर नौका आहे. मी म्हणतो, सगळ्याच शेतात आणून ठेवाव्यात. कप्तानसाहेब, तुमचं नाव होईल. मोठं जहाज मागाल ते मिळेल.”

मोठं जहाज. चव्वेचाळीस तोफा, तीन डोलकाठ्या, आणि खाली रांगेत उभे राहून ‘कप्तानसाहेब’ म्हणणारे साडेतीनशे लोक. त्याने निळा कोट पुन्हा चढवला. कोपरावर मक्याचं कुसळ चिकटलं होतं, ते उपटून टाकलं.

“फक्त एक परीक्षा,” ट्विचेल म्हणाला. “तोफ बाजूला वळवा आणि डागा.”

एका बाजूला टेसीचं घर आणि कोठार होतं. दुसऱ्या बाजूला समुद्राचा बांध आणि त्यापलीकडे मोकळं खाजण. तोफ बांधाकडे वळवली. पेलेगने एक डोळा मिटून नळीवरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“कप्तान, होडी या अंगाला जरा कलली आहे. तोंड खाली आहे. गोळा बांधाच्या वरून नाही जायचा, बांधात जाईल. पाचर घालून उचलायला हवी, अर्धा दिवस लागेल.”

“अर्धा दिवस!” ट्विचेलने घड्याळ काढलं. “मला जेवायच्या आत टपाल गाठायचं आहे.”

“साहेब, तो बांध समुद्राला अडवतो,” ओबेड म्हणाला. “हे सगळं शेत भरतीच्या पातळीखाली आहे.”

“ही परीक्षा होडीच्या तोलाची आहे, कप्तान. गोळा कुठे जातो, हा माझ्या अहवालाचा विषय नाही. हुकूम द्या.”

टेसी कोठाराच्या दारात येऊन उभी होती. नुसती पाहत राहिली. ओबेडने तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. पेलेग पेटती बत्ती धरून वाट पाहत होता, आणि पहिल्यांदाच त्याच्या ओठांवर चेष्टा नव्हती.

“डागा,” ओबेड म्हणाला.

आवाजाने कोठारावरची कबुतरं उडाली. होडी तसूभरही हलली नाही. बांधातून मातीचा फवारा उडाला आणि माथ्यावर बैलगाडी जाईल एवढी खाच पडली. ओहोटी होती, खाचेतून फक्त आभाळ दिसलं.

“अप्रतिम!” ट्विचेलने तिथल्या तिथे गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं : आरमारातली सर्वांत भरवशाची नौका, दोनशे एकोणीस. लखोटा बंद केला, लाखेची मोहोर मारली आणि गाडीवानाला टपालाकडे पिटाळलं. मग जेवायला काय आहे, असं त्याने विचारलं.

टेसी घरात गेली होती. दार बंद होतं.

ओबेड दारापर्यंत गेला, पण त्याने दार वाजवलं नाही. काय सांगणार? हुकूम होता म्हणून? बत्ती पेलेगच्या हातात होती म्हणून? तो परत फिरला, दोन फावडी घेतली आणि दोघा खलाशांना हाक मारून बांधाकडे धावला. पण त्या दिवशी पौर्णिमा होती, आणि पौर्णिमेची भरती कुणासाठी थांबत नाही. बाराला पाणी खाचेच्या काठाशी आलं. साडेबाराला पहिली धार आत पडली, बोटाएवढी. फावड्याने लोटलेली माती ती साखरेसारखी विरघळवत होती. दोनपर्यंत खाच दहा हात झाली, तीनपर्यंत पंचवीस. आमच्याकडे बांधाला अशी खांड पडली की म्हातारी माणसं आधी गुरं सोडतात, मग देवाचं नाव घेतात. टेसीने दोन्ही गाई आणि घोडा उंचावरच्या रस्त्यावर नेऊन बांधले. कापलेल्या मक्याच्या पेंढ्या शेतभर उभ्या होत्या. त्या एकेक करून तरंगायला लागल्या.

साडेतीनला दोनशे एकोणीस करकरली, हलली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा पाण्यावर उभी राहिली.

ट्विचेल होडीवरच होता. पाणी चढताना त्याला तीच एक सुरक्षित जागा वाटली होती. आता होडी डुलायला लागल्यावर त्याचा रंग पालटला. “कप्तान थर्लो!” तो कठड्याला धरून ओरडला. “ही तरंगते आहे! हिला तरंगायची परवानगी नाही! मी लिहून पाठवलंय!”

ओबेड कमरेइतक्या पाण्यातून चालत आला आणि दोराने वर चढला. पेलेग सुकाणूशी होता.

“संधी आहे, कप्तान,” पेलेग हळूच म्हणाला. “आता ओहोटी लागेल. खांडीतून प्रवाह सरळ खाडीत ओढून नेईल. दिवस मावळायच्या आत आपण समुद्रात. होडी वाचवली म्हणून शाबासकी, मग तुमचं ते मोठं जहाज.”

ओबेडने मागे पाहिलं. टेसी रस्त्यावर गाईंच्या मध्ये उभी होती, परकर गुडघ्यापर्यंत भिजलेला. सगळं पाणी गेलं तरी मीठ राहणार होतं. आणि खांड उघडी राहिली तर पहाटेची भरती घरात शिरणार होती. तिच्या घरात, मग शेजारच्या चार शेतांत.

“खांड किती रुंद असेल, पेलेग?”

पेलेगने डोळा मिटला. “चाळीस फूट.”

“आणि होडी?”

“पन्ना—” पेलेग थांबला. त्याने कप्तानाकडे नीट पाहिलं. “तुम्ही शुद्धीवर आहात ना?”

“दोर काढ. सगळे.”

पाणी फिरायची वेळ झाली होती. ओबेडला तक्ते भरता येत नव्हते, समितीपुढे बोलता येत नव्हतं, पण पाण्याची ओढ आणि दोराचा ताण या दोन गोष्टी त्याच्या हाडात होत्या. एक दोर बांधाच्या या टोकावरच्या विलोच्या झाडाच्या बुंध्याला, दुसरा त्या टोकाला. रस्त्यावर जमलेल्या शेजाऱ्यांपैकी सात-आठ क्वेकर बाप्ये कोट काढून पाण्यात उतरले. युद्धनौकेचा दोर धरावा की नाही, याचा त्यांनी क्षणभर विचार केला असेल, पण हातांनी दोर धरले. प्रवाह होडी ओढू लागला. ओबेड ओरडत होता, “सैल! सैल! आता धरा!” आणि दोनशे एकोणीस आडवी होत होत बांधाच्या दोन्ही टोकांना टेकली. लाकूड असं किंचाळलं, की ट्विचेलने डोळे मिटून घेतले.

“पेलेग, कुऱ्हाड.”

“कप्तान थर्लो, ही सरकारी मालमत्ता आहे!” ट्विचेल म्हणाला.

“साहेब, बाजूला व्हा. ही परीक्षा भोकाची आहे.”

तळाच्या फळ्या ओकच्या होत्या, चांगल्या भक्कम. वीसेक घाव लागले. पाणी आत उसळलं, ती तीन टनांची तोफ पुढे घसरली आणि होडी डळमळत, बुडबुडे सोडत, खांडीत बसली ती बसलीच. उरलेल्या फटींत माणसांनी तरंगणाऱ्या पेंढ्या, कुंपणाचे वासे, माती, जे हाताला लागेल ते कोंबलं. पहाटेचं पाणी आलं, होडीच्या कठड्याशी थबकलं आणि परत गेलं.

ट्विचेल दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला. त्याचं जाकीट चुलीपाशी वाळवून आखूड झालं होतं.

“माझा अहवाल गेला आहे,” तो ओबेडला म्हणाला. “आणि अहवाल परत घ्यायची आमच्या खात्यात पद्धत नाही. तेव्हा नौका स्थिर आहे. काल होती त्याहून जास्त स्थिर आहे. तुम्ही उगाच काही लिहू नका.”

ओबेडने लिहिलं. मी वचन मोडलं, चुकीचा हुकूम पाळला, बांध फोडला, आणि मग स्वतःच्या हाताने होडी बुडवली. शिक्षा द्यावी, असं सगळं सरळ लिहिलं. महिन्याने उत्तर आलं, की दोनशे एकोणीस उत्तम सेवेत असल्याचं दप्तरात नमूद असून कप्तानाचं पत्र त्याच्याशी जुळत नाही. सरकारी कागद वाया घालवू नये. त्याने राजीनामा पाठवला. तो मात्र परतीच्या टपालाने मंजूर झाला आणि रिकाम्या जागी गोलंदाज पेलेग स्वेन याची नेमणूक झाली.

पेलेगने ती लगेच स्वीकारली. भरतीला होडीचा फक्त कठडा पाण्यावर राहायचा. त्यावर खुर्ची टाकून तो गळ लावायचा आणि दर तिमाहीला तक्ता भरायचा. पाण्याची खोली आता त्याला मोजावी लागत नव्हती.

क्वेकरांच्या सभेपुढे मात्र पेच पडला. त्यांचा बांध युद्धनौकेने धरून ठेवला होता. ती काढली तर पाच शेतं जाणार, ठेवली तर तत्त्व जाणार. तीन रविवार ते मुकाट बसले. चौथ्या रविवारी सगळ्यांत म्हातारे गृहस्थ उठले आणि म्हणाले, “चिखलाला धर्म नसतो,” आणि बसले. बाहेर येऊन प्रत्येकाने त्याचा आपापल्या सोयीचा अर्थ लावला, आणि होडीवर माती घालायचं काम सुरू झालं.

ओबेड गिरणीवाल्याकडे माडीवरच्या खोलीत राहायला गेला. निळा कोट त्याने पेलेगला दिला. पेलेगला तो घोट्यापर्यंत यायचा. पहिल्या दिवशी काम संपल्यावर ओबेड टेसीपाशी जाऊन उभा राहिला. तिच्या शेतावर मिठाची पांढरी कड उमटली होती. तीन वर्षं तिथे मका व्हायचा नव्हता.

“मी ‘हो’ म्हटलं होतं,” तो म्हणाला.

“म्हटलं होतंस.”

“मला माफ कर, टेसी.”

आपण तिला ‘कर’ म्हणालो, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. टेसीने ओंजळभर माती उचलली, बोटांनी चुरडली, जिभेला लावून थुंकली.

“अजून नाही करवत,” ती म्हणाली. “खोटं कशाला सांगू? उद्या ओहोटी सातला आहे. फावडं घेऊन ये.”

दुसऱ्या दिवशी ओबेड पावणेसातला गेला. ती आधीच तिथे होती, शेजारची दोन माणसं घेऊन. थंडी होती, मातीला वरून बर्फाची पातळ साय आली होती. ती फोडून चौघांनी पाणी परत येईपर्यंत बांधावर माती टाकली.